प्रयोग जपणारे श्रोते

नाटक एकच असलं, तरी त्याच्या प्रत्येक सादरीकरणाला आपण ‘प्रयोग’ म्हणतो. संहिता तीच, नट तेच, पण आजचा प्रयोग कालच्यासारखा होत नाही. म्हणून तर एकच नाटक चार-पाच वेळा बघणारी माणसं आपल्या घरांत होती. ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडच्या चाहत्यांचं, म्हणजे ‘डेडहेड्स’चं, वेड समजून घ्यायला हा शब्द फार उपयोगी पडतो.

1965 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या या बँडने 30 वर्षांत सुमारे 2,300 मैफली केल्या. गाण्यांची यादी दर वेळी वेगळी. पाच मिनिटांचं गाणं रंगलं की वीस मिनिटं चाले. चाहते बँडच्या मागोमाग गावोगाव फिरत, कारण कालची मैफल ऐकली म्हणून आजची ऐकून झाली, असं होत नसे. बँडचे एक ढोलवादक मिकी हार्ट हे उस्ताद अल्लारखांकडे शिकले होते आणि झाकीर हुसेन यांच्याबरोबर ते पुढे कित्येक वर्षं वाजवत राहिले. तेव्हा हा मोकळा विस्तार आपल्या कानांना अगदीच परका वाटू नये.

आपल्या कॅरीच्या आसपासही हा बँड येऊन गेला. 12 एप्रिल 1978 रोजी डरहॅममध्ये, ड्यूक विद्यापीठाच्या कॅमेरॉन इनडोअर स्टेडियमवर आणि 10 जुलै 1990 रोजी रॅलीच्या कार्टर-फिनली स्टेडियमवर. रॅलीच्या मैफलीनंतर सोळाच दिवसांनी कीबोर्डवादक ब्रेंट मिडलंड वारले. 1980 मध्ये कॅरीची वस्ती जेमतेम 22 हजार होती, 2020 मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. आपल्यापैकी बहुतेक जण त्या मैफलींनंतर इथे आलो. तरीही त्या दोन्ही संध्याकाळी आज घरबसल्या ऐकता येतात.

याचं बरंचसं श्रेय श्रोत्यांना जातं. मैफलीत मायक्रोफोन आणि टेपरेकॉर्डर घेऊन येणाऱ्यांना या बँडने हाकललं नाही. उलट ऑक्टोबर 1984 पासून त्यांना बसायला वेगळी जागाच दिली. अट एकच: टेप विकायची नाही. कोरी कॅसेट आणि टपालखर्च पाठवला की अनोळखी माणूसही मैफल भरून परत पाठवी. अशा हजारो मैफली आता ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर आहेत.

त्यातली एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. बँडच्या ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन यांच्या टेपा भाड्याच्या गोदामात पडून होत्या. भाडं थकलं आणि 1986 मध्ये त्यांचा लिलाव झाला. चाहत्यांच्या हाती लागलेल्या टेपा त्यांनी दुरुस्त केल्या, त्यांच्या प्रती काढून वाटल्या. बेटींनीच मुद्रित केलेली 8 मे 1977 ची कॉर्नेल विद्यापीठातली मैफल पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत गेली.

आता आपल्याकडे वळून बघू. 1953 मध्ये पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला, आणि ‘त्या वर्षीचा तोडी’ अशी आठवण सांगणारे श्रोते घरोघरी तयार झाले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अमेरिकेत आलेले गवई कुणा मराठी कुटुंबाकडे उतरत, तळघरात सतरंज्या अंथरून बैठक होई, आणि कोपऱ्यात कुणाचा तरी टेपरेकॉर्डर चालू असे. त्या कॅसेटी अनेकांकडे अजून आहेत. खोक्यात, गॅरेजमध्ये, ‘कुणाला देऊ नकोस’ या बोलीवर मिळालेल्या. या बोलीत गवयाचा मान होता हे खरं, त्याच्या पोटापाण्याचाही प्रश्न होता. पण कॅसेटची फीत बोली पाळत नाही. ती सुकते, चिकटते, पुसट होते.

मंचावरची मैफल त्याच रात्री संपते. ती पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते ती कुणीतरी तिची दुसरी प्रत काढली म्हणून. डेडहेड्सनी हे हिप्पी वेडापायी केलं, पण काम इतिहासकाराचं झालं. ज्यांच्याकडे तशी खोकी असतील, त्यांनी या हिवाळ्यात ती उघडावीत. गवयाच्या घरच्यांना विचारून प्रत काढावी आणि वर तारीख, गाव, साथीदारांची नावं लिहावीत. तारखेशिवाय मैफल ऐकता येते, पण तिचा इतिहास होत नाही.