तरक्कीचे माप

आमच्या घरांतल्या बुजुर्ग बायका मुलांच्या डोक्यावर हात ठेवून दुआ देतात, तेव्हा तीन गोष्टी मागतात. सेहत, इल्म आणि हलाल रोजी. नुसता पैसा कुणी मागत नाही. पण तेच मूल मोठे होऊन आखातात गेले, त्याने गावी दुमजली घर बांधले, की सारा मोहल्ला म्हणतो, "घराची तरक्की झाली!" दुआ मागताना तीन मापे आणि हिशेब करताना एकच, असे का व्हावे? हा घोळ आमच्यापुरता नाही. विसाव्या शतकात साऱ्या जगाने तो घातला होता, आणि तो सोडवण्यात आपल्याच उपखंडातील एका माणसाचा मोठा वाटा होता. त्याचे नाव महबूब उल हक.

हक यांचा जन्म १९३४ चा. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातून ते १९५३ साली केंब्रिजला अर्थशास्त्र शिकायला गेले. तिथे जोन रॉबिन्सन यांच्या व्याख्यानाला जाताना त्यांची एका बंगाली विद्यार्थ्याशी ओळख झाली. तो विद्यार्थी म्हणजे अमर्त्य सेन. फाळणीला अवघी सहा वर्षे झाली होती. एक पाकिस्तानी, दुसरा भारतीय. तरी मैत्री जमली आणि आयुष्यभर टिकली.

मायदेशी परतल्यावर हक नियोजन आयोगात गेले. साठच्या दशकात पाकिस्तानचे राष्ट्रीय उत्पन्न झपाट्याने वाढत होते आणि त्या योजना आखणाऱ्यांत हक स्वतः होते. पण १९६८ साली याच माणसाने जाहीरपणे सांगितले, की देशातले दोन-तृतीयांश उद्योग आणि बँका-विम्याचा बहुतेक कारभार अवघ्या बावीस घराण्यांच्या हाती आहे. आकडे वाढले होते; सामान्य माणूस होता तिथेच होता. आपणच शिजवलेल्या हंडीत मीठ नाही, हे चारचौघांत कबूल करायला हिंमत लागते. १९७० साली ते जागतिक बँकेत गेले. पुढे ऐंशीच्या दशकात पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, तेही जनरल झिया यांच्या राजवटीत. त्यांच्या चरित्रातली ही बाजू झाकण्याचे कारण नाही.

१९८९ साली हक संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमात आले आणि १९९० मध्ये पहिला मानव विकास अहवाल प्रसिद्ध झाला. देशाची खरी दौलत म्हणजे त्याची माणसे, आणि विकास म्हणजे माणसापुढची निवड वाढणे, ही त्याची भूमिका. ते मोजण्यासाठी एक निर्देशांक काढला गेला. माणूस किती वर्षे जगतो, त्याला लिहिता-वाचता येते का आणि बऱ्यापैकी जगण्याइतके उत्पन्न आहे का, हे त्याचे तीन पाय. आमच्या बुजुर्गांच्या दुआतल्याच या तीन गोष्टी!

सेन यांना हा निर्देशांक आधी पटला नव्हता. माणसाचे जगणे एका आकड्यात कसे मावणार? हक यांचे म्हणणे असे, की राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडाही ओबडधोबडच आहे, पण एकच असल्यामुळे तो साऱ्यांच्या तोंडी बसला आहे. त्याला हटवायचे तर तितकाच सुटसुटीत, पण माणसाकडे पाहणारा आकडा हवा. सेन मदतीला आले. आम्हा शिक्षकांना हा मुद्दा चटकन उमगतो. प्रगतिपुस्तक हाती आले की पालक आधी टक्के पाहतात. शेरा नंतर, वाचलाच तर.

त्या पहिल्या अहवालातली एक तुलना आमच्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. श्रीलंकेचे दरडोई उत्पन्न ४०० डॉलर होते. तिथे सरासरी आयुर्मान ७१ वर्षे आणि प्रौढ साक्षरता ८७ टक्के होती. सौदी अरबचे उत्पन्न ६,२०० डॉलर. तिथे आयुर्मान ६४ वर्षे आणि साक्षरता अंदाजे ५५ टक्के. श्रीलंकेजवळ तेल नव्हते. तिने मोफत शाळा, मोफत दवाखाने आणि स्वस्त धान्य यांवर अनेक दशके खर्च केला होता. पुढे सौदीनेही शाळा-इस्पितळे उभारली आणि आज तो देश सर्वांत वरच्या गटात आहे. म्हणजे दोष पैशाचा नव्हे. पैसा माणसापर्यंत पोहोचावा लागतो, एवढेच.

सेहतची कल्पनाही अशीच रुंदावत गेली. ७ एप्रिल १९४८ रोजी जागतिक आरोग्य संघटनेची घटना अमलात आली. आरोग्य म्हणजे केवळ रोग नसणे नव्हे, तर शरीर, मन आणि सामाजिक जीवन यांची सुस्थिती, असे तिने मांडले. १९७८ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातील अल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला. त्याच्याही आधी, १९७० मध्ये, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी काम सुरू केले होते. गावातल्याच, बहुधा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. औषधाच्या बाटलीआधी स्वच्छ पाणी, पोटभर अन्न आणि बाईची पत लागते, हे त्या खेड्यांनी दाखवून दिले.

हक १९९८ च्या जुलैत वारले. त्याच वर्षी सेन यांना नोबेल मिळाले. २०१० पासून निर्देशांकाचे गणित बदलले. आता एका बाजूची पडझड दुसऱ्या बाजूच्या भरभराटीने पूर्वीइतकी झाकता येत नाही.

आता हे माप आपल्या अंगाला लावून पाहू. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. त्यात २००१ च्या जनगणनेचे आकडे आहेत. देशाची साक्षरता ६५.१ टक्के, मुसलमानांची ५९.१ टक्के. पण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत दर हजार मुलग्यांमागे देशात ९२७ मुली होत्या, तर मुसलमानांत ९५०. आम्ही मुलीला जन्माला येऊ देतो, ही अभिमानाची बाब आहे. पण जन्मलेल्या मुलीला कुठवर नेतो?

कोकणातल्या आमच्या उर्दू शाळांत आखाती पैशाच्या घरातल्या कितीतरी मुली येतात. आरोग्य तपासणीच्या दिवशी हातात सोन्याची बांगडी दिसते आणि डॉक्टर पापणी खाली ओढतात, तर आत फिक्कट. सातवी संपते, हायस्कूल दूर असते, आणि दुमजली घरातली ती मुलगी घरीच बसते. तिच्या वालिदांनी पाठवलेल्या रकमेतून दिवाणखान्याला संगमरवर बसला, पण तिच्या रोजच्या रिक्षाभाड्याचा विषय घरात निघालाच नाही. सरकारकडे शाळा मागायलाच हवी, तो आमचा हक्क आहे. पण रिक्षाचे भाडे आणि ताटातली भाजी-अंडी यांसाठी कुठल्याही समितीची वाट पाहावी लागत नाही. मोहल्ल्यात पुन्हा कुणाच्या तरक्कीची गोष्ट निघाली, तर त्या घरातली मुलगी कितवीत आहे, हे आधी विचारू या.