उत्तरेत रुजलेली घराणी

उत्तर हिंदुस्थानचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे 1761 चे पानिपत उभे राहते. लढाया सांगण्याची आपल्याला हौसच आहे! परंतु प्रदेशाचा इतिहास तेथे वस्ती करून राहिलेल्या घराण्यांतूनही वाचावा लागतो. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीला स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट तेथील पंडितांचे अग्रणी ठरले. नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट यांनी 1612 मध्ये ‘निर्णयसिंधु’ रचला. तिथीचा वाद पडला की आमच्या आजोबांच्या पिढीत तोच उघडला जाई. कमलाकरांचे पुतणे गागाभट्ट 1674 मध्ये राज्याभिषेकासाठी रायगडावर आले. काशीचे म्हणून ज्यांचा मान, त्यांचे मूळ गोदाकाठचे!

पुढे काशीतच जन्मलेल्या बाबूराव विष्णु पराडकरांनी ‘आज’ दैनिकातून हिंदी पत्रकारितेला वळण दिले. सखाराम गणेश देऊसकरांचे ‘देशेर कथा’ (1904) तर बंगालीत आहे.

पैठण 1956 पर्यंत आपल्या हैदराबाद राज्यातच होते. आमचे वडील कचेरीत उर्दू लिहीत आणि घरी मराठी बोलत. भट्टांच्या घरात मराठी किती पिढ्या टिकली असेल, हा प्रश्न मला केवळ पुस्तकी वाटत नाही. माझी नात मला तेलुगूत उत्तर देते.