सावंगी (मेघे) येथील अभिमत विद्यापीठ : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्याचा शैक्षणिक इतिहास नई तालीमपासून सांगण्याचा प्रघात आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी स्वावलंबी शिक्षणाची कल्पना मांडली. पुढे याच शहरालगत, सावंगी (मेघे) येथे, खासगी अभिमत विद्यापीठ उभे राहिले. शिक्षणाचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नाच्या अनुषंगाने त्याच्या वाटचालीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

गांधी जन्मशताब्दी वर्षात, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्राम येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यास शासकीय अनुदानाचा आधार होता. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या शासनाने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचा मार्ग मोकळा केला आणि खर्चाचा भार शासनाकडून विद्यार्थ्याच्या कुटुंबाकडे सरकला.

वाटचाल

या धोरणाच्या काळातच दत्ता मेघे यांच्या पुढाकाराने सावंगी येथे १९९० मध्ये जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय व १९९१ मध्ये शरद पवार दंत महाविद्यालय स्थापन झाले. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ मधील कलम ३ अन्वये २००५ मध्ये संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. परिणामी, परीक्षा व पदवीदान यांचे अधिकार संलग्न विद्यापीठाकडून सावंगीकडे आले. परिचर्या, भौतिकोपचार तसेच सालोड (हिरापूर) येथील आयुर्वेद महाविद्यालय यांमुळे विस्तार झाला. आरोग्यशास्त्रांपलीकडील विद्याशाखांकडे वळताना २०२२ मध्ये संस्थेचे नावही ‘दत्ता मेघे उच्च शिक्षण व संशोधन संस्था’ असे झाले.

मूल्यमापन

वैद्यकीय शिक्षण रुग्णांवाचून शक्य नसते. विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात रुग्णशय्या असणे हा मान्यतेचाच निकष आहे. त्यामुळे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय हे या विद्यापीठाचे केवळ सेवाकार्य नसून त्याच्या अध्यापनाचा पाया आहे. शुल्क भरणारा विद्यार्थी आणि खेड्यातून येणारा रुग्ण येथे परस्परांवर अवलंबून आहेत. मात्र त्याच खेड्यातील गुणवंत मुलास येथे रुग्ण म्हणून जितक्या सहजतेने प्रवेश मिळतो, तितक्या सहजतेने विद्यार्थी म्हणून मिळणे विनाअनुदानित व्यवस्थेत कठीण असते.

समारोप

सेवाग्राम व सावंगी या संस्था एकाच जिल्ह्यात, भिन्न अर्थव्यवस्थांवर उभ्या आहेत. सावंगीने ग्रामीण परिसरात उच्च वैद्यकीय शिक्षणाची व उपचारांची सोय निर्माण केली, हे नाकारता येत नाही. तथापि विनोबांचे नाव धारण करणाऱ्या रुग्णालयाच्या विद्यापीठाचे मोल केवळ मानांकनांवरून ठरणार नाही. परिसरातील किती मुले तेथून पदवी घेऊन बाहेर पडतात, यावरूनही ते ठरेल.