ऑक्सिजन सेन्सरचे दोषनिदान : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो, स्कॅनर ऑक्सिजन सेन्सरशी संबंधित संकेतांक दाखवितो व सेन्सर बदलला जातो. तरीही काही दिवसांत दिवा पुन्हा लागतो. अशा वेळी ग्राहकाचा पैसा वाया जातो, मूळ बिघाड कायम राहतो आणि प्रदूषणही थांबत नाही. सेन्सरने दिलेली माहिती व सेन्सरमधील दोष या दोन भिन्न गोष्टी आहेत. निदानपद्धतीच्या इतिहासात हा भेद कसा स्पष्ट होत गेला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सेन्सरची निर्मिती :
१९४० च्या दशकात अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरविणारे धुरके पसरू लागले. मोटारींच्या धुरातील घटकांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते तयार होते, हे आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी दाखविले. पुढे १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने उत्सर्जनात सुमारे ९० टक्के कपात करण्याचे बंधन घातले. त्यासाठी वापरात आलेला त्रिमार्गी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ : १ च्या निकट असतानाच कार्यक्षम ठरतो. हे प्रमाण राखण्यासाठी बॉश कंपनीने विकसित केलेला सेन्सर १९७६ मध्ये व्होल्व्हो कंपनीने अमेरिकेसाठीच्या मोटारींत बसविला.

तापलेल्या झिर्कोनियातून विद्युतवहन होते, हे वाल्थर नेर्न्स्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच दाखविले होते. त्याच झिर्कोनियाचा हा सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर कार्य करतो. मिश्रणात पेट्रोल अधिक असता तो सुमारे ०.९ व्होल्ट, तर कमी असता सुमारे ०.१ व्होल्ट दाब देतो. तो पेट्रोल मोजत नाही; धुरात उरलेल्या ऑक्सिजनची बाहेरील हवेशी तुलना करतो.

संकेतांकांचा उदय :
१९८० च्या दशकात जनरल मोटर्सच्या गाड्यांत निदानजोडणीतील दोन टोके जोडून दिव्याची उघडझाप मोजली जाई. संकेतांक १३ सेन्सरच्या विद्युतमंडलाविषयी, ४४ पेट्रोल कमी असल्याविषयी, तर ४५ ते अधिक असल्याविषयी असे. म्हणजेच सेन्सर व मिश्रण यांतील भेद आरंभीच मान्य झाला होता. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून स्वयंनिदान सक्तीचे केले. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतील मोटारींत समान संकेतांक आले आणि कन्व्हर्टरवर देखरेख करण्यासाठी त्याच्या पुढे दुसरा सेन्सर बसविला जाऊ लागला. पी ०१३३ हा मंद प्रतिसादाचा व पी ०१३५ हा हीटरच्या मंडलाचा संकेतांक होय. पी ०१७१ मात्र मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचे सांगतो. इनटेक मॅनिफोल्डमधील हवागळती, पेट्रोलचा अपुरा दाब किंवा सेन्सरपूर्वी फुटलेली एक्झॉस्ट नळी यांमुळेही तो येतो. ठिणगी चुकल्यास न वापरलेला ऑक्सिजन बाहेर पडतो आणि निर्दोष सेन्सरही पेट्रोल कमी असल्याचीच ग्वाही देतो.

म्हणून चाचणीचे महत्त्व टिकून राहिले. इंजिन तापल्यावर मिश्रणात मुद्दाम इंधन वाढविल्यास व्होल्टेज त्वरित चढावे, हवा वाढविल्यास त्वरित उतरावे. तसे घडल्यास सेन्सर ठीक असून कारण अन्यत्र शोधावे लागते. न घडल्यास प्रथम तारा, जोडणी व हीटर तपासून मगच सेन्सर दोषी ठरवावा.

भारतीय संदर्भ :
शिसेयुक्त पेट्रोल कन्व्हर्टर व सेन्सर दोहोंनाही निकामी करते. त्यामुळे १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा होताना शिसेविरहित पेट्रोलही उपलब्ध करण्यात आले. फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर यांसह तेरा शहरांत आलेल्या भारत स्टेज ४ मानकांबरोबर स्वयंनिदानाचा पहिला टप्पा, तर २०१३ मध्ये दुसरा टप्पा लागू झाला. परिणामी कान व अनुभव यांवर विसंबणाऱ्या गॅरेजच्या हाती स्कॅनर आला.

निष्कर्ष :
स्कॅनरमुळे बिघाडाची वार्ता लवकर मिळू लागली. परंतु कारणाचा शोध मेकॅनिककडेच राहिला. संकेतांक हा तपासाचा प्रारंभ आहे, निवाडा नव्हे. म्हणून तंत्रशिक्षणात संकेतांकांच्या पाठांतराइतकेच ज्वलनाच्या आकलनाला स्थान मिळणे आवश्यक आहे.