लाइन : एका पाहुण्या शब्दाचा इतिहास



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. परंतु रोजच्या बोलण्यातले साधे शब्दही इतिहास सांगत असतात. ठाणे, डोंबिवली, कल्याण या गावांत सकाळपासून रात्रीपर्यंत कानी पडणारा असा एक शब्द म्हणजे ‘लाइन’. आज मेन लाइन रखडली आहे; तिकिटाला मोठी लाइन आहे; फोनची लाइन लागत नाही; अमक्याच्या मुलाने लाइन बदलली; तमक्याचा मुलगा कोणावर तरी लाइन मारतो. शब्द एकच, पण अर्थ पाच, आणि ऐकणारा कुठेही अडखळत नाही.

यात नवल असे की, हा शब्द आला तेव्हा मराठीचे घर रिकामे नव्हते. पाटीवर रेघ होती, भूमितीत आणि तळहातावर रेषा होती, पोथीत ओळ होती, पंगतीला बसणाऱ्यांची रांग होती. चौघींची कामे वाटलेली होती. मग ही पाचवी कशाला आली?

प्रथम तिचे कूळ पाहू. लॅटिन भाषेत जवसाला ‘लिनम’ म्हणत. जवसाच्या धाग्याचा दोरा तो ‘लिनिया’, आणि त्यापासून इंग्रजी ‘लाइन’. लिननचे कापड हे तिचेच भावंड. म्हणजे मुळात लाइन ही रेघ नव्हे, तो दोरा आहे. गवंडी भिंत घालताना दोरी ताणतो. त्या ताणलेल्या दोरीवरून सरळ रेघेची कल्पना आली. आपल्याकडेही विचाराची वाट हीच आहे. ‘सूत’ म्हणजे धागा. पण ‘सुतासारखा सरळ’ असे आपण माणसाला म्हणतो, दोघांचे सूत जमते, आणि ‘सूत्र’ हा तर शास्त्राचा नियमच होऊन बसला. दूरदूरच्या दोन समाजांनी धाग्यावरूनच सरळपणा ओळखला.

आता ती आपल्या दारी कशी आली ते पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे निमंत्रितांना घेऊन ठाण्यास आली. अंतर एकवीस मैल. पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, खाडीवरचा पूल ओलांडून आणि डोंगर पोखरून ती कल्याणला पोचली. तेथून एक फाटा बोरघाटाकडे निघाला, दुसरा थळघाटाकडे. १८६३ मध्ये पहिला घाट जिंकला गेला, १८६५ मध्ये दुसरा. हे जे जमिनीवर अंथरले गेले त्याला रेघ म्हणावे तर ते लोखंडाचे होते, आणि रांग म्हणावे तर ते निर्जीव होते. लोकांनी गाडीला ‘आगगाडी’ हे झकास नाव दिले, विद्वानांनी मार्गाला ‘लोहमार्ग’ म्हटले. तो शब्द अजून लोहमार्ग पोलिसांच्या पाटीवर आहे. पण तोंडी राहिली ती लाइनच. नवी वस्तू आपले नाव बरोबर घेऊन आली होती.

एकदा घरात शिरल्यावर मात्र ती स्वस्थ बसली नाही. एकेरी मार्गावर समोरून गाडी येत नाही याची खात्री होऊन ‘लाइन क्लिअर’ मिळाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे काढीत नसे. तो रेल्वेचा शब्द उचलून आपण वडिलांची संमती मिळाली की ‘लाइन क्लिअर’ म्हणू लागलो. लष्करी छावणीतल्या ओळीने बांधलेल्या बराकी म्हणजे लाइनी. त्यांतून पोलीस लाइन आली, आणि कंपनीच्या मरीन बटालियनच्या वस्तीवरून मुंबईचे मरीन लाइन्स. महायुद्धात, १९४३ मध्ये, मुंबईत रेशनिंग सुरू झाले. धान्यासाठी ताटकळणे हा शहरातल्या गृहिणींच्या दिनक्रमाचा भाग झाला. अशा ताटकळण्यातूनच पंगतीची रांग मागे पडून दुकानापुढची ‘लाइन’ पुढे आली असावी.

आणि सर्वांत अर्थपूर्ण लाइन पोटापाण्याची. ‘पोरगा लायनीला लागला’ हे समाधानाचे वाक्य आपल्या गावांत तर अक्षरशः खरे ठरते. शेतीवाडी किंवा पिढीजात धंदा सोडून ज्याने मुंबईची कचेरी वा गिरणी धरली, तो रेल्वेच्या लाइनीवरूनच आयुष्याच्या लाइनीला लागला. डोंबिवलीसारख्या गावाचे शहर झाले ते या दोन अर्थांच्या जोडीने. त्याच लाइनीने गावाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भागही केले, आणि घाईने रूळ ओलांडताना कित्येकांचे प्राण घेतले. हाही त्या शब्दाच्या इतिहासाचाच भाग आहे.

मराठीने या पाहुणीचे काय केले, ते व्याकरणात दिसते. इंग्रजीत तिला लिंग नाही. मराठीत ती स्त्रीलिंगी झाली, कारण रेघ, रेषा, ओळ, रांग या साऱ्या स्त्रीलिंगी. तिला विभक्तीचे प्रत्यय लागले : लायनीत, लायनीवर, लायनीला. ‘लाइन मारणे’ हा वाक्प्रचार तर आपण साहेबाला न विचारता घडविला. भाषा गुलाम झाली असती तर ही मोडतोड तिला जमली नसती.

शिवकालात फारसी शब्दांना पर्याय देण्यासाठी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला गेला. पुढे सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम चालविली. त्या प्रयत्नांमागची तळमळ खरी होती. मात्र शब्दाला सरसकट हाकलणे किंवा सरसकट पाट मांडणे, दोन्ही मार्ग मला अपुरे वाटतात. लाइन आली म्हणून मराठी बुडाली नाही. पण वहीतली ओळ, फळ्यावरची रेघ, दुकानापुढची रांग या सर्वांना मुले एकच ‘लाइन’ म्हणू लागली, तर चार शब्दांनी दाखविलेले चार भेद आपल्या नजरेतूनच पुसले जातील. तोटा होतो तो तेथे. आता तर लाइनीत उभे राहणे टाळण्यासाठी आपण ‘ऑनलाइन’ जातो. तो शब्दही खुशाल राहो; नव्या वस्तूबरोबर आलेले नाव आहे ते.

एवढेच करावे की, रेल्वेची ती लाइन म्हणावी, आणि मुलाला कविता शिकविताना ‘दुसरी ओळ म्हण’ असे सांगावे. पाहुणीला पाट द्यावा, पण घरातल्या चौघींना उपाशी ठेवू नये.