चिमटा, ब्युरेट आणि 'एकदा चिकटलीस की सुटलीस'

आजचा भाग जरा घरातला आहे.

बारावीचा निकाल लागला की आमच्या डोंबिवलीत घरोघरी एकच विषय असतो, पुढे काय? यंदा पाळी आमची होती. माझी मावसबहीण सायन्सला होती. मार्क बरे आहेत, पण मेडिकलला पुरणारे नाहीत. ती म्हणते, डीएमएलटी करते, लॅब टेक्निशियन होते. मावशी म्हणते, "रेल्वेची परीक्षा दे. एकदा चिकटलीस की सुटलीस." आणि मग दोघी माझ्याकडे वळल्या. "तू इतिहासवाला ना? सांग, कुठली नोकरी टिकते?"

आता मावशीचं म्हणणं काही हवेतलं नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी निघाली ती ठाण्याला आली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले. तेव्हापासून "मुलगा रेल्वेत आहे" म्हटलं की स्थळ पक्कं. पण लॅबची नोकरी? ती आपल्याकडे कुठून आली? तर बरीचशी प्लेगातून.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला. माणसं गावाकडे पळायला लागली आणि मुंबईबाहेर निघालेल्या प्रवाशांची तपासणी आपल्या कल्याण स्टेशनावर व्हायला लागली. त्याच वर्षी वाल्डेमार हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्याला जागा मिळाली आणि मदतीला होते एक कारकून आणि तीन शिपाई. बस्स, एवढाच स्टाफ! मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, त्यांना धरून प्लेगचे जंतू वाढायचे, मग ते उष्णतेने मारून लस करायची. १० जानेवारी १८९७ ला हाफकिनने ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये मोठी प्रयोगशाळा उभी राहिली. १९२५ पासून आपण तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो.

हाफकिनचं नाव इमारतीवर आहे. त्या तीन शिपायांची नावं कुणाला माहीत आहेत? मदतनीस इतिहासात शिरतो तो बहुतेक वेळा चूक झाल्यावरच. ३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं मुल्कोवाल गाव. लस टोचल्यावर १९ माणसं धनुर्वाताने गेली. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली. दोष परळच्या लॅबवर आला आणि हाफकिनला पद सोडावं लागलं. पुढे तपशील बाहेर आला. बाटलीचं बूच काढायचा चिमटा तिथल्या मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉससारख्या नामवंतांनी बाजू लावून धरली, तेव्हा १९०७ मध्ये हाफकिनवरचा डाग पुसला गेला.

मी बहिणीला हे सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. म्हटलं, घाबरवत नाहीये. पण या कामात पगार किती हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की रात्री तीन वाजता, कोणी बघत नसताना, पडलेला चिमटा तू बाजूला ठेवशील का?

आता दुसरा कप्पा, कारखान्यांचा. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली. ठाण्याची वागळे इस्टेट, मग डोंबिवलीचा केमिकल पट्टा. शहाड आणि मोहन्याला रेयॉनच्या गिरण्या होत्याच. जिथे केमिकल तिथे लॅब आली. माल पास की नापास, हे ठरवणारा माणूस लॅबमध्येच बसतो. माझे बाबा त्यातलेच. बी.एस्सी. करून एका कंपनीत लागले, तीन शिफ्ट, ब्युरेट आणि टायट्रेशन. "पर्मनंट आहे" हे आजी चार घरांत सांगून आली होती.

मग कारखाने एकेक करून बंद पडायला लागले. मोहन्याची एनआरसी २००९ मध्ये बंद झाली. बाबांची कंपनी त्याच्या आधीच गेली होती. बाबा तेव्हा ४६ वर्षांचे, मी नववीत. काही महिने घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. शेवटी पाणी तपासणाऱ्या एका छोट्या लॅबने त्यांना घेतलं. का? तर मुलाखतीला त्यांनी आपली जुनी वही नेली होती. प्रत्येक रीडिंग तारीख-वेळेसकट, खाडाखोड केली तर बाजूला सही. पगार निम्मा झाला, पण चूल पेटली.

म्हणून आजचं गणितही सरळ सांगतो. छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सुरुवातीचा पगार कमी असतो. मशीनं आली आहेत, पूर्वी मायक्रोस्कोपखाली मोजायच्या पेशी आता ॲनालायझर मोजतो. डोंबिवलीत घेतलेलं रक्त रात्रीतून तुर्भ्याच्या मोठ्या लॅबमध्ये जाऊ शकतं. पण ट्यूबवर चुकीचं नाव लागलं, किंवा रक्त घेताना पेशी फुटल्या, तर मशीन चुकीचाच आकडा देणार, तोही झोकात छापून. तिथे माणूस लागतोच. आणि हेही लक्षात ठेवा: डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच. म्हणजे 'स्वतःची लॅब टाकून सही मारेन' हे स्वप्न आत्ताच बाजूला ठेवा. २०२१ मध्ये अलाइड हेल्थ व्यवसायांसाठी केंद्राचा कायदाही आला. त्यामुळे ॲडमिशन घेण्याआधी कॉलेजला दोन गोष्टी विचारा: मान्यता कुणाची, आणि या डिप्लोमावर नोंदणी होते का? उत्तर गोलमोल आलं तर फी भरू नका.

मग शेवटी काय ठरलं? मी मावशीला एक गोष्ट दाखवली. रेल्वेच्या पॅरामेडिकल भरतीत लॅब असिस्टंटची पदं असतात, बारावी सायन्स आणि डीएमएलटीवाल्यांसाठी. आपल्या कल्याणलाच रेल्वेचं हॉस्पिटल आहे. जागा थोड्या, स्पर्धा भरपूर, हेही सांगितलं. मावशी बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिली. म्हणाली, "म्हणजे रेल्वेच की!"

बहिणीने फॉर्म भरलाय. जाताना बाबांनी तिच्या हातात एक कोरी वही ठेवली. म्हणाले, "पहिल्या दिवसापासून लिही. पेन्सिलीने नाही, पेनाने."

चला, पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.