डाव घोषित करणे

क्रिकेटमध्ये सर्व गडी बाद होण्याआधीच कर्णधाराने आपला डाव संपवणे. नियम १५नुसार चेंडू मृत असताना हा निर्णय केव्हाही घेता येतो. कसोटीत वीस गडी टिपायला वेळ हवा, म्हणून पाच दिवसांचे गणित धावफलकाइतकेच महत्त्वाचे. १९६८ साली पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजच्या गारफिल्ड सोबर्सने दुसरा डाव २ बाद ९२ वर सोडला. इंग्लंडने २१५ धावा काढून सामना जिंकला. २००४ मध्ये पाकिस्तानविरुद्ध मुलतानला राहुल द्रविडने ५ बाद ६७५ वर डाव घोषित केला, तेव्हा सचिन तेंडुलकर १९४ वर नाबाद होता. द्विशतक हुकल्याची हळहळ आजही होते, पण भारत डावाने जिंकला.

उलटा प्रकार रणजी सामन्यात, पुण्याला डिसेंबर १९४८ मध्ये घडला. भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद, महाराष्ट्र ४ बाद ८२६. ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनचा प्रथम श्रेणीतील सर्वोच्च खेळीचा ४५२चा विक्रम आणखी दहा धावांनी मोडला असता. मध्यंतरात काठेवाडच्या कर्णधाराने डाव घोषित करा म्हटले. महाराष्ट्राने नकार दिला, तेव्हा पाहुण्यांनी सामनाच सोडला. निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत.